दौलताबादची बैठक

१

खोक्यात रीळ होतं. फक्त ते अंबिकावहिनींचं नव्हतं.

धारूरकर साहेबांनी रिळाच्या टेप मशीनचं बटण दाबलं, आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले, कुणी मांडी सावरली, आणि स्पीकरमधून खणखणीत सरकारी आवाज आला, "शेतकरी बंधूंनो, कपाशीवरच्या बोंडअळीचा बंदोबस्त करायचा तर..."

पहिला हसलो तो मी. वाटलं, चुकून दुसरं रीळ चढवलं असेल. मग साहेबांचा चेहरा पाहिला आणि हसणं थांबवलं. त्यांनी मशीन बंद केलं, खोकं उलटं करून झटकलं आणि म्हणाले, "हे माझंच आहे, या टेबलाच्या खणातलं. मशीन दुरुस्त होऊन आलं तेव्हा तपासायला रेडिओवरून भरलं होतं. मग तिचं कुठं गेलं?"

गोष्ट नव्वद सालची. गारखेड्यात मधुसूदन धारूरकरांच्या घरी दर रविवारी सकाळी आमची ऐकण्याची बैठक भरायची. ज्याच्याकडं जे चांगलं असेल ते त्यानं आणायचं, सगळ्यांनी ऐकायचं आणि मग पोहे खात यथेच्छ भांडायचं. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. बाकी आम्ही पाचजण. दातांचे डॉक्टर लक्ष्मण गंगाखेडकर, ज्यांच्याकडं दातांपेक्षा कॅसेटी जास्त. गुलमंडीवर कॅसेटचं दुकान चालवणारा बद्रीनाथ औताडे. साहेबांचे बालमित्र तात्यासाहेब गाडे, जमीनदार माणूस, गाणं ऐकण्यात हयात घालवलेला. निवृत्त सरकारी वकील पद्मजाताई कंधारकर. आणि मी, रामकिसन दांडगे, वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर. बजाजनगरातून दोन बस बदलून यायचो. गाण्यातलं मला सगळ्यात कमी कळतं, हे मला दर रविवारी न चुकता सांगितलं जायचं.

बैठकीचा एकच कडक नियम होता. नवं काही हाती लागलं तर ते घरी एकट्यानं ऐकायचं नाही. पहिलं ऐकणं सगळ्यांचं मिळून.

साहेबांची बायको अंबिका गायची. पासष्ट साली दौलताबादला काकासाहेब जाधवांच्या मळ्यात तिची खाजगी बैठक झाली. साहेब तेव्हा पैठणकडं धरणाच्या कॅम्पवर, रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षी वहिनी तापानं गेल्या. काकासाहेबांनी बैठक टेप केली होती, पण ती बिघडली असंच सगळे धरून चालले होते. काकासाहेब वारल्यावर त्यांच्या पत्नीनं, द्वारकाबाईंनी ट्रंक उपसली, तेव्हा रीळ निघालं. वहिनींचा आवाज या जगात दुसरीकडं कुठंच नव्हता.

आणि साहेबांचा डावा कान पार गेला होता, उजवाही जायला लागला होता. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऐकायचं ते आता ऐकून घ्या.

मागच्या रविवारी त्यांनी रीळ लागतं की नाही एवढं पाहायला सुरुवात तेवढी लावली होती. तंबोऱ्याचा झणत्कार, बांगड्यांची किणकिण, कुणीतरी खोकलं, आणि एका तरुण बाईचा आवाज: "लावू का?" तिथंच त्यांनी बटण बंद केलं. म्हणाले, "पुढच्या रविवारी. एकदम सगळं."

ते रीळ आता गेलं होतं. कडीकोयंडा शाबूत होता. आठवडाभरात या खोलीत आमच्याखेरीज कुणी आलं नव्हतं. म्हणजे नेणारा आमच्यातलाच होता, आणि आत्ता तो आमच्यासोबत बोंडअळी ऐकून बसला होता.

२

"कुणी उठू नका," पद्मजाताई म्हणाल्या. आवाज कोर्टातला. "पोहे नंतर."

आठवड्यात कोण कधी येऊन गेलं, हे त्यांनी सगळ्यांसमोरच विचारून घेतलं. डॉक्टर मशीनचं हेड पुसून द्यायला आले होते. बद्रीनाथ एक रात्र मशीन उसनं मागायला आला होता आणि साहेबांनी नाही म्हटलं होतं. तात्यासाहेब रोज संध्याकाळी यायचेच. मी दोन कॅसेटी परत करायला आलो होतो. प्रत्येकाला साहेबांनी या खोलीत बसवून आतून चहा करून आणला होता. बायको नसलेल्या माणसाच्या चहाला वेळ लागतो. रीळ बदलायला तेवढा वेळ कुणालाही पुरेसा होता.

"मी येऊन गेले का, ते विचारणारीनं स्वतःलाच विचारायचं," ताई म्हणाल्या. "मी आलेच नव्हते. भाच्याच्या लग्नाला परभणीला होते. हवं तर फोटो मागवा."

डॉक्टर फटकन म्हणाले, "दांडगेंना विचारा ना. बजाजनगरातून इतक्या लांब हा माणूस येतो कशाला? ज्याला यमन आणि भूप वेगळा ओळखता येत नाही, तो इथं काय ऐकतो?"

मला झोंबलं. "ते तुम्ही शिकवलं नाही म्हणून, डॉक्टर. अन् कॉपी करू द्या म्हणून साहेबांच्या मागं लागलं कोण? मी का तुम्ही?"

"मागं लागलो, चोरलं नाही!"

"मी बी मागितलंच," बद्रीनाथ म्हणाला. "दुकानात लावायला नाय. वहिनींची कॅसेट निघावी, नाव ऱ्हावं, म्हणून. त्यात काय गुन्हा झाला व्हय?"

"गुन्हा तेव्हा नव्हता. आता आहे," ताई म्हणाल्या.

तात्यासाहेब उठून साहेबांच्या उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाकडं जाऊन बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "गेलं ते जाऊ दे, मधू. म्या हाय ना. माझ्या तोंडून ऐक. आजवर ऐकतच आलास की."

खरंच होतं ते. त्या बैठकीला आमच्यापैकी फक्त तात्यासाहेब हजर होते. दर वर्षी वहिनींच्या श्राद्धाच्या दिवशी साहेब त्यांना सांगायला लावत, आणि आम्हालाही ती हकीकत पाठ झाली होती. नांदेडचा फकिरा तबल्याला. तबला जुळवायला हातोडीनं ठोकठोक करत बसलेला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "फकिरा, पुरे आता, तबला फुटेल." मग बागेश्री. एका आवर्तनात वहिनी अशा काही समेवर आल्या की अख्खी सतरंजी "हाय" म्हणाली. आणि सगळ्यात शेवटी, तंबोरा खाली ठेवताना, "आज हे असते तर याहून बरं गायले असते."

या वाक्याशी आलं की साहेब चष्मा काढायचे. पंचवीस वर्षं हा माणूस त्या एका वाक्यावर जगला, असं मी म्हटलं तर त्यात काही वाढवून सांगितलेलं नाही.

त्या दिवशी पोहे तसेच राहिले. निघताना जो तो आपापल्या कॅसेटी मोजून पिशवीत भरत होता. डॉक्टरांनी तर माझ्यादेखत माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं. इतक्या वर्षांच्या बैठकीत हे कधी झालं नव्हतं, आणि मला वाटलं, रीळ सापडलं तरी हे आता भरून यायचं नाही.

फाटकाशी पद्मजाताईंनी मला अडवलं. "तुमच्याकडे स्कूटर आहे?"

"मेव्हण्याची मागून आणता येईल."

"आणा. पुढचे काही दिवस तुम्ही माझ्याबरोबर फिरायचं."

"माझ्यावर एवढा भरवसा?"

"भरवसा कसला? संशयित नजरेसमोर असलेला बरा."

३

आम्ही आधी डॉक्टरांकडं गेलो. दवाखान्यामागच्या खोलीत भिंतभर कॅसेटी, प्रत्येकीवर नाव, राग, साल. झकपक कॅसेट डेक. रिळाचं मशीन मात्र नाही. ताईंनी विचारलं, "रीळ तुमच्या हाती लागलं असतं तर काय केलं असतं?"

"डेक उचलून धारूरकरांकडे नेला असता, वायर जोडली असती आणि कॉपी केली असती. दुसरं काय? शहरात चालू अवस्थेतलं मशीन मला ठाऊक आहे ते त्यांचंच."

बद्रीनाथचं दुकानही तसंच, कॅसेटी ढीगभर पण रिळाचं मशीन नाही. तो आमच्यावर चिडला होता, चहासुद्धा विचारला नाही. "लोकं मला बाजारू म्हनतेत, माहिताय मला," तो म्हणाला. "पन वहिनींनी मला धाकटा दीर म्हनून जेवाय वाढलंय, ताई. तेवढं ध्यानात धरा."

तात्यासाहेबांनी आमचं भरघोस स्वागत केलं. सूनबाईंनी सीताफळं आणून ठेवली. ताईंनी त्यांना पुन्हा ती बैठक सांगायला लावली, आणि म्हातारा रंगात आला. हातानं ताल धरत फकिराचा ठेका त्यांनी तोंडानं वाजवून दाखवला. समेवर हात असा काही आपटला की बशीतलं सीताफळ घरंगळलं.

"तुम्ही कुठं बसला होतात?" ताईंनी सहज विचारलं.

"पुढंच. फकिराच्या शेजारी. त्याचा घाम उडत व्हता माझ्या अंगावर."

"आणि काकासाहेबांचं मशीन?"

तात्यासाहेबांनी घरंगळलेलं सीताफळ उचलून बशीत ठेवलं. "मशीन... आसंल की कुठंतरी. गाणं चालू आसताना मशीनकडं कोण बघतंय, वकीलबाई?"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ताई, या म्हाताऱ्याला कशाला त्रास? त्याला तर ते गाणं तोंडपाठ आहे. त्याला टेपची गरजच नाही."

"अगदी बरोबर बोललात," त्या म्हणाल्या. "ज्याला ऐकायचं आहे तो काय करेल? रीळ कसंही करून मशीनपाशी नेईल, उतरवून घेईल आणि गुपचूप जागेवर ठेवील. कुणाला पत्ताही लागणार नाही. डॉक्टर असो की बद्रीनाथ, दोघांचंही काम कॉपी झाली की संपतं. पण रीळ परत आलेलं नाही. खोक्यात खणातलं दुसरंच ठेवलं, म्हणजे रविवारपर्यंत चोरी कळू नये, एवढंच नेणाऱ्याला हवं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला ते ऐकायचं नाही, दांडगे. ते कुणीच ऐकू नये असं त्याला वाटतंय."

बायकोचा आवाज नवऱ्याच्या कानी पडू नये, असं कुणाला का वाटावं? त्या टेपवर असं काय होतं? वहिनींबद्दल नको नको ते विचार डोक्यात आले आणि मला माझीच लाज वाटली.

"उद्या दौलताबाद," ताई म्हणाल्या.

४

द्वारकाबाई अंगणात बसून हरभरा निवडत होत्या. ठसठशीत कुंकवाची जागा आता रिकामी, पण आवाज मळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. रीळ गेल्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"कुन्या मेल्यानं नेलं? आवं, त्या पोरीचं तेवढंच तर ऱ्हायलं व्हतं!"

"तुम्ही होतात ना त्या दिवशी?" ताईंनी विचारलं.

"हुते म्हंजे काय? आमी बाया आतल्या दारापाशी. बाप्ये मानसं बाहेर वसरीवर. कोन कोन व्हतं ते नाय सांगता यायचं, दार लोटलेलं व्हतं. पन गानं समदं ऐकलं."

मी न राहवून म्हटलं, "बागेश्री लई रंगला म्हणे."

"आता त्याचं नाव काय ते मला नाय ठावं. दिवस कलायला लागला व्हता, तवाचं गानं. आईकलं की रडू यावं आसं." द्वारकाबाई थांबल्या. "नुसतं आळवीतच ऱ्हायली ती. सावकाश, सावकाश. तिला दुसरं काय करताबी येईना ना, तबला नव्हता तर."

ताईंनी हरभऱ्याच्या सुपात घातलेला हात तसाच राहिला. "तबला नव्हता?"

"कसला तबला अन् कसलं काय! त्यो फकिरा यायचा व्हता नांदेडवरनं. समद्या लोकास्नी सांगून ठेवलं व्हतं, फकिरा येनार, फकिरा येनार. त्याची गाडी जालन्यालाच अडकून पडली. हे लई चिडले, म्हनले बैठक मोडा. तर अंबिका म्हनली, काकासाहेब, मानसं जमलीत, म्या नुसत्या तंबोऱ्यावर गाते. अन् गायली."

टेपची सुरुवात ऐकली होती तो रविवार मला आठवला. तंबोरा, बांगड्या, खोकला, "लावू का?" कुठल्याही मैफलीची टेप लावा, पहिल्यांदा ऐकू येते ती हातोडीची ठकठक. इथं ती नव्हती, आणि आमच्यासारख्या कानसेनांच्या ते लक्षातही आलं नाही.

परतताना किल्ल्याच्या वळणावर मी स्कूटर थांबवली. "ताई, मग तो घाम कुणाचा उडत होता?"

केस सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता. "पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलवा," एवढंच म्हणाल्या.

५

सगळे आले. डॉक्टर आणि बद्रीनाथ दोन टोकांना बसले. साहेब मशीनपाशी, उजवा कान आमच्याकडं करून.

ताईंनी फार फिरवलं नाही. "टेपवर नुसतं गाणाऱ्याचं गाणं येत नाही, ऐकणाऱ्यांचे आवाजही येतात. कुणी दाद दिली, कुणी खोकलं. तसंच कोण तिथं नव्हतं तेही त्यातून कळतं. आपल्यापैकी त्या बैठकीला एकच माणूस होता म्हणे. त्यानं आपल्याला फकिराचा ठेका ऐकवला, सम दाखवली. दौलताबादला त्या दिवशी तबला वाजलाच नाही. फकिरा पोचलाच नव्हता. तो येणार हे मात्र महिनाभर आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं, न गेलेल्या माणसालासुद्धा. आणि आपल्यासारख्यांच्या डोक्यात बिनतबल्याची मैफल येतच नाही. रचून सांगणारा तबला घालणारच." त्या वळल्या. "तात्यासाहेब, रीळ आहे ना अजून?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

तात्यासाहेबांनी कोटाच्या आतून रुमालात गुंडाळलेलं रीळ काढलं. ते घेऊनच आले होते. "हिरीत टाकाय गेलतो," ते म्हणाले. "हात नाय झाला."

"तात्या?" साहेब म्हणाले. त्यांना सगळं ऐकू आलं होतं, पण समजत नव्हतं.

"म्या नव्हतो तिथं, मधू. वैजापूरला कोर्टाची तारीख व्हती. अंबिका गेली तवा तुला भेटाय आलो, तू कोपऱ्यात बसलेला. वर बघून म्हनलास, 'तात्या, तू होतास ना रे? कशी गायली?' त्या तोंडाकडं बघून मला नाय म्हनवलं नाय. म्हनलं, व्हय, होतो. लई गायली."

"आणि... ते शेवटचं?"

"पुढल्या साली तूच इचारलंस, माझी आठवन काढली का म्हनून." तात्यासाहेबांचा आवाज फुटला. "काय सांगू मग? नाय काढली, आसं सांगू?"

मला म्हाताऱ्याचा राग आला आणि त्याच क्षणी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. पद्मजाताई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांनी कोडं सोडवलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. पण मग वहिनींचा आवाज विहिरीच्या तळाला गेला असता.

साहेबांनी रीळ हातात घेतलं, फुंकर मारली आणि मशीनवर चढवलं.

तंबोरा. बांगड्या. "लावू का?" आणि मग वहिनी गायल्या. कुठल्या समेची वाट पाहायची नव्हती, त्यामुळं कुणाचा हातही हलला नाही. पूरिया होता, डॉक्टर नंतर म्हणाले. मला राग कळला नाही, पण द्वारकाबाई म्हणाल्या ते कळलं. साहेब कान स्पीकरला जवळजवळ टेकवून बसले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही. बद्रीनाथ हुंदके देत होता.

गाणं संपलं. टेप फिरत राहिली. कुणीतरी "वा, पोरी" म्हणालं, काकासाहेब असावेत. मग वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "पाणी द्या हो कुणीतरी, घसा सुकला." तंबोरा ठेवल्याचा आवाज. खट्. त्यापुढं काही नव्हतं.

साहेबांनी रीळ शेवटपर्यंत फिरू दिलं. टेपचं टोक सुटून फडफडायला लागलं तेव्हा मशीन बंद केलं.

"गाणं मिळालं, तात्या," ते म्हणाले. "बोलणं गेलं."

"मधू, मला..."

"थांब. खोटं बोललास ते माझ्यासाठी. त्याबद्दल मी तुला काही म्हणणार नाही, म्हणायला तोंडही नाही, मीच तर मागून घेतलं. पण माझा कान चाललाय हे तुला माहीत होतं. तुझं खोटं टिकावं म्हणून तू तिला माझ्यापासून कायमची नेत होतास." त्यांनी रीळ काढून खोक्यात ठेवलं. "पुढच्या रविवारी येऊ नकोस. त्याच्या पुढच्या रविवारी ये. माझ्याकडं आता ऐकायचे रविवार फार उरलेले नाहीत. त्यातला एक तुझ्यावाचून काढतो. यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचत नाही, आणि परवडतही नाही."

तात्यासाहेब चपला घालून निघून गेले. डॉक्टरांनी माझी माफी मागितली, बरीच कुरकुरत.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं वेळेवर जमलो. डॉक्टरांनी नवी कॅसेट आणली होती, बद्रीनाथनं दोन. साहेबांनी सगळ्या हातात घेऊन पाहिल्या, छान आहेत, पुढच्या रविवारी सगळे मिळून ऐकू म्हणाले आणि कॅसेट प्लेअरवरचं कापड काही काढलं नाही. आम्ही पोहे खाल्ले, चहा घेतला आणि काहीही न ऐकता घरी आलो.